उंडेरा प्रयोग

उंडेरा प्रयोग : बडोदे संस्थानातील उंडेरा (जुन्या अहवालांत ‘उंढेरा’) या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन व सर्जन-मेजर बॅनरमन यांनी केलेली प्लेगप्रतिबंधक लशीची चाचणी. हे गाव बडोदे शहराच्या वायव्येस सुमारे दहा किमी.वर होते, आता शहर त्याला जाऊन भिडले आहे. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचायची व निम्म्यांना वगळायचे, अशी चाचणीची रचना होती. लशीचे मोजमाप कसे करावे, या प्रश्नाच्या इतिहासात तिचे स्थान वरचे आहे. बडोद्याच्या इतिहासलेखनात मात्र सयाजीरावांच्या शिक्षण व ग्रंथालयविषयक कार्याच्या मानाने या चाचणीकडे फारच थोडे लक्ष गेले.

मुंबईत मांडवी भागातील प्लेगचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले व रँडचा वध झाला. घरझडतीच्या त्या दिवसांत सरकारी टोचणीविषयी लोकांच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक होते. आगाखान यांनी उघडपणे टोचून घेतल्याने मुंबईत ती काहीशी निवळली.

लशीची कृती : बकऱ्याचे मांस आम्लाने विरघळवून त्याचा रस्सा करीत. त्यावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवीत. जंतूंची वाढ या थेंबांना धरून झुंबरासारखी खाली लोंबते. ही प्लेगच्या जंतूची ओळख मानली जाई. बाटली अधूनमधून हलवून वाढीचे नवे थर धरू देत. काही आठवड्यांनी सर्व मिश्रण सुमारे ६५–७० अंश से.वर तासभर तापवून जंतू मारीत व त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल घालीत. गोमांस व डुकराचे मांस टाळण्यामागे धार्मिक भावनांचा विचार होता.

घरांतर्गत तुलनेचा उगम : ही पद्धत उंडेऱ्यातच जन्मली की काय, याविषयी एकवाक्यता नाही. हाफकिनने १८९४ पासून कलकत्त्याच्या बस्त्यांत (गरीब वस्त्यांत) पटकीच्या (कॉलऱ्याच्या) लशीसाठी एकाच घरातील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना केली होती. त्यामुळे काही अभ्यासक उंडेऱ्याला त्याच पद्धतीची पुनरावृत्ती समजतात. पण कलकत्त्यात जो पुढे आला त्याला टोचले गेले. पुढे येणारा माणूस बहुधा अधिक सावध असतो, त्यामुळे तुलना आधीच झुकलेली असते. उंडेऱ्यात निवड माणसाच्या इच्छेवर सोडली नव्हती. पुरुष, स्त्रिया व मुले यांची घरोघर विभागणी करण्यात आली. आजारी व अशक्त माणसेही दोन्ही गटांत वाटण्याचा प्रयत्न झाला. चिठ्ठ्या टाकून केलेली आजच्या अर्थाची यादृच्छिक निवड ती नव्हे. तरीही घर, उंदीर, अन्न व शेजार समान ठेवून फक्त लशीचा फरक उरेल अशी योजना येथे प्रथम पुरती आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गावाची वस्ती सुमारे एक हजार होती; त्यांपैकी सुमारे पाचशे जणांना लस देण्यात आली. नंतर २८ घरांत प्लेग शिरला. या घरांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला व २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले व तिघे दगावले. गटांचा लहानमोठा आकार जमेस धरता मृत्यूंत सुमारे ९० टक्के घट दिसते. रोग होण्याच्या प्रमाणातील घट त्याहून कमी, सुमारे ७३ टक्के येते. या आकड्यांमागे एकेका उंबरठ्याच्या आत दगावलेली माणसे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक जण केवळ वाटणीमुळे लशीविना राहिले होते. चाचणीचा गौरव करताना हे विसरता येत नाही.

फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लशीचा उपयोग मान्य केला. संरक्षण संपूर्ण नसल्याचेही नोंदवले. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल येथे टोचणीनंतर १९ जण धनुर्वाताने मरण पावले व हाफकिनवर ठपका आला; तो १९०७ मध्ये दूर झाला.

लशीतील प्रभावी घटक : लस कोणत्या घटकामुळे काम करते, हे १८९८ मध्ये ठाऊक नव्हते. मृत जंतूंची शरीरे रोग होऊ देत नाहीत व द्रवातील विषे रोगाची तीव्रता कमी करतात, अशी हाफकिनची धारणा होती. १९३२ मध्ये शुट्झ या संशोधकाने जंतूभोवतीच्या आवरणातील प्रतिजन (शरीराची प्रतिकारशक्ती ज्याला ओळखून सज्ज होते तो घटक) वेगळा ओळखला. एफ-१ नावाचा हा प्रतिजन मानवी शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, विपुल तयार होतो, प्लेग पसरवणाऱ्या पिसवेच्या शरीरातील कमी तापमानाला जवळजवळ होत नाही. या आवरणामुळे भक्षकपेशींना जंतू गिळता येत नाही. लशीने एफ-१ विरुद्ध प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटणारी रक्तातील प्रथिने) व स्मृतिपेशी (त्याची ओळख जपणाऱ्या पेशी) तयार झाल्या की प्रतिपिंडे आवरणाला चिकटतात आणि भक्षकपेशींचे काम सुकर होते. हाफकिनची वाढ ३७ अंशांपेक्षा कमी तापमानाला होई. मग तिच्यात एफ-१ कितीसा असेल, ही शंका रास्त आहे. उंडेऱ्याचे यश फक्त एफ-१ च्या खाती टाकणे धाडसाचे होईल.

आवरण नसलेले जंतूही प्राणघातक ठरू शकतात. म्हणून व्ही प्रतिजन महत्त्वाचा ठरला. जंतू सुईसारख्या रचनेतून भक्षकपेशीत घातक प्रथिने सोडतो. व्ही प्रतिजन त्या सुईच्या टोकाशी असतो. एफ-१ चे जनुक एका प्लास्मिडवर (जंतूच्या पेशीतील डीएनएच्या स्वतंत्र लहान वलयावर), व्ही चे दुसऱ्या प्लास्मिडवर आहे. जंतूच्या सीओ-९२ वाणाचा सुमारे ४६.५ लाख बेसजोड्यांचा (डीएनएमधील अक्षरजोड्यांचा) जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, २००१ मध्ये वाचला गेला. ही दोन्ही जनुके ई. कोलाय जंतूत घालून शुद्ध प्रथिने मिळवता येतात, त्यामुळे लशीसाठी प्लेगचा जंतू वाढवण्याचा धोका उरत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत या दोन प्रतिजनांना क्षयजंतूच्या एका प्रथिनाच्या खंडाची जोड देऊन उंदरांवर प्रयोग झाले (२०१४).

१९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा रोग प्लेगच आहे का, यावर वाद झाला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने जंतूची जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६ एस आरडीएनए या जनुकभागाचा अनुक्रम तपासून जंतू प्लेगचाच असल्याचे २००० मध्ये दाखवले.

२०२१ मध्ये ऑक्सफर्डला चिंपँझीच्या ॲडिनोव्हायरसवर (सर्दीसारखे आजार करणाऱ्या एका प्रकारच्या विषाणूवर) बेतलेल्या प्लेगलशीची माणसांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. कोव्हिशील्डमागील तंत्र हेच. २०२३ मध्ये इस्राएली संशोधकांनी एफ-१ ची संहिता असलेला एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू) मेदकणांत बांधून उंदरांना एका मात्रेत संरक्षण दिले. यात पेशी ती संहिता वाचून प्रतिजन स्वतः बनवते. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात शिरत नाही व काही काळाने नष्ट होतो. विषाणूंपुरते समजले गेलेले हे तंत्र जीवाणूंवरही चालते, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य. आज रुग्ण थोडे व विखुरलेले असल्याने, आणि वेळेवर दिलेली प्रतिजैविके गुणकारी असल्याने, नव्या लशींची उंडेऱ्यासारखी कसोटी लावणे जवळजवळ अशक्य आहे. त्यांचा बराचसा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांतून व माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या मापनातून गोळा करावा लागतो.