आठ कोअर असूनही आठपट वेग का मिळत नाही?

प्रोसेसरच्या खोक्यावर ‘८ कोअर, १६ थ्रेड’ (कोअर म्हणजे प्रत्यक्ष गणित करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर एका वेळी चालणारा कामाचा धागा) वाचलं की मनात हिशेब तयार होतो: सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, आठपट, जमलं तर सोळापट जलद. हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं ओपनफोम हे मोफत सॉफ्टवेअर उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालवून पाहिलं की हा हिशेब मोडतो.

पद्धत सोपी आहे. हवेचा प्रवाह लाखो घरांच्या जाळीत मांडायचा. ‘डीकम्पोजपार’ ही आज्ञा जाळीचे आठ तुकडे करते, ‘एमपीआयरन’ ही आज्ञा आठ प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आठ स्वतंत्र प्रती, सुरू करते. प्रत्येक प्रोसेस आपला तुकडा सोडवते आणि सीमेवरचे आकडे शेजारच्या प्रोसेसला कळवते. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला ‘अर्क’ महासंगणकही हवामानाचं गणित असंच वाटून घेतो. ‘एमपीआयरन’च्या आज्ञेत ‘पॅरलल’ हा पर्याय मात्र विसरू नका. तो राहिला तर आठही प्रोसेस अख्खं गणित सोडवत बसतात. स्क्रीनवर प्रत्येक ओळ आठ-आठदा दिसली की समजावं. सोळा प्रोसेस मागितल्या तर ओपन एमपीआय (‘एमपीआयरन’ज्याचा भाग आहे ते सॉफ्टवेअर) सहसा नकार देतं, कारण ते थ्रेड नव्हे, खरे कोअर मोजतं. बळजबरी करू नये.

खरी अडचण रॅमच्या वाटेवर आहे. ४ गीगाहर्ट्झचे, एव्हीएक्स२ (एका झटक्यात अनेक आकडे हाताळण्याची सोय) असलेले आठ कोअर कागदोपत्री सेकंदाला ५१२ अब्ज आकडेमोडी करू शकतात. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन चॅनलमधून (म्हणजे प्रोसेसरकडे येणाऱ्या दोन वाटांमधून) मात्र सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ अब्ज बाइट येतात. एका आकड्याला ८ बाइट लागतात. दोन आकडे वाचून, एक गुणाकार नि एक बेरीज करून तिसरा लिहायचा, तर २४ बाइटची ने-आण होते. म्हणजे सेकंदाला सुमारे ४.३ अब्ज आकडेमोडी, क्षमतेच्या एक टक्काही नाही! आचारी आठ, पण कोठीघराचं दार एकच. तीन-चार कोअरच हे दार अडवून टाकतात, बाकीचे वाट पाहत राहतात.

म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच बसवा. शेजारशेजारच्या खाचा अनेकदा एकाच चॅनलच्या असतात. ‘रॅम बूस्टर’ म्हणून खपवली जाणारी सॉफ्टवेअरं ही वाट तसूभरही रुंद करत नाहीत.

मग तेच गणित १, २, ४, ८ प्रोसेसवर शंभर-शंभर आवर्तनं चालवून लॉगमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींमधली, ‘एक्झिक्युशनटाइम’ची ओळ ताडून पाहा. जाळी मात्र खऱ्या कामाएवढीच घ्या. छोटी जाळी प्रोसेसरमधल्या कॅशे या छोट्या, वेगवान स्मृतीत मावते आणि खोटा वेग दाखवते. चारनंतर वेळ फारसा घटत नसेल, तर चारच प्रोसेस लावा.