पिसवा झाल्यात की ढेकूण?

"काहीतरी चावतंय हो, येऊन फवारा मारून जा." पेस्ट कंट्रोलवाल्याला असा फोन गेला की त्याने आधी विचारायला हवं, ढेकूण की पिसवा? न विचारताच जो दर सांगायला लागेल, तो सोडून दुसरा शोधा. दोन्ही रक्तावर जगतात, दोन्हींना पंख नाहीत, दोन्ही तपकिरी, आणि दोन्हींच्या चाव्याने सारख्याच गांध्या उठतात. पण ढेकूण राहतो माणसाच्या झोपायच्या जागेत, तर पिसू राहते जनावराच्या अंगावर आणि तिची पिल्लावळ तुमच्या फरशीवर. एकीचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसेही जातात आणि झोपही.

आधी नुसतं बघून ओळखा. पिसू दीड ते तीन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी. केसांच्या जंगलातून सुळकन निसटायला तसं अंग लागतंच. पकडायला जावं तर टुणकन उडी मारून नाहीशी होते. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, वरून-खालून चपटा, आणि त्याला उडी मारता येत नाही, तो चालतो. तेव्हा जे उडालं ते ढेकूण नव्हे.

चाव्यांवरून निदान करणारे खूप भेटतात. पिसवा बहुधा घोट्याभोवती आणि पोटऱ्यांना चावतात, तेही दिवसाउजेडी, तुम्ही खुर्चीत बसलेले असताना. ढेकूण रात्री, उघड्या हातांना, मानेला, कधी ओळीने तीन-चार ठिकाणी. एवढ्यावर मात्र विसंबू नका. एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाच्या अंगावर गांध्या उठतात आणि दुसऱ्याला पत्ताही नसतो, कारण सगळ्यांची कातडी सारखी उठत नाही.

खात्रीचा पुरावा दुसरीकडे असतो. ढेकणांसाठी मोबाइलचा टॉर्च घ्या आणि गादीची शिलाई, दिवाणाचे सांधे, खिळ्यांची भोकं, पलंगामागचं कॅलेंडर तपासा. शाईचे थेंब पडल्यासारखे काळे डाग, टाकलेल्या साली आणि एक विशिष्ट उग्र वास सापडला की संशयाला जागा नाही. पिसवांसाठी पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून सोफ्याभोवती, मांजर झोपतं त्या कोपऱ्यात पाच मिनिटं फिरा. असल्या तर मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. घरात कुत्रं-मांजर असेल तर बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा. निघालेली काळी रवाळ घाण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसूची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

आता पिसूकडे जरा नीट बघू, कारण लोक चुकतात ते इथेच. आपल्याकडच्या घरांत कुत्र्यांवरही बहुतेक वेळा मांजराची पिसूच असते. मादी जनावराच्या अंगावरच राहते, रक्त पिते आणि ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ही अंडी चिकटत नाहीत. मांजर अंग झटकतं, सोफ्यावर लोळतं, तिथे ती घरंगळत पडतात. काही दिवसांत त्यांतून बारीक पांढऱ्या अळ्या निघतात. त्या उजेड टाळून फरशीच्या फटीत, सतरंजीखाली, दिवाणाच्या आत सरकतात आणि वरून पडणाऱ्या त्या सुक्या रक्ताच्या रव्यांवर पोसतात. मग कोश. कोश चिकट असतो, त्याला धूळ-केस लागून तो कचऱ्यातून ओळखूही येत नाही, आणि फवारा आतपर्यंत पोहोचत नाही. आत तयार झालेली पिसू बाहेर पडायची घाई करत नाही. ऊब, श्वासातला वायू, पावलांचा हादरा मिळाला की निघते. नाही मिळाला तर कित्येक आठवडे, कधी महिनेही थांबते.

म्हणूनच मे महिना गावी काढून आल्यावर, कुलूप उघडून घरात पाऊल टाकताच घोट्यांवर पिसवांचा हल्ला होतो आणि मंडळी चक्रावतात: घर तर बंद होतं, आल्या कुठून? आल्या नाहीत, वाटच बघत होत्या. बंद फ्लॅटच्या माळ्यावर एखादी भटकी मांजर विऊन निघून गेली असेल तर हीच गोष्ट घडते. अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्या हवेत त्या टिकत नाहीत. त्यामुळे कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा त्यांचा हंगाम.

यातूनच उपायाचा क्रम ठरतो. पहिलं जनावर. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्या आणि दर महिन्याला किंवा सांगितलेल्या अंतराने चालू ठेवा. नुसती आंघोळ आजच्या पिसवा धुऊन काढते, उद्याच्या नाही. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते: कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका. मांजराच्या शरीरात ते पचत नाही; झटके येतात, जीवही जातो. मांजर असलेल्या घरात फरशीला जोरकस फिनेल फासणंही टाळा, ती पंजे चाटत बसते.

दुसरी जमीन. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर रोज फिरवा: सोफ्याखाली, गाद्यांच्या कडांना, फटींत. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे मारता येतात. पिशवी लगेच घराबाहेर. नसेल तर झाडून घेतलेला कचरा साबणाच्या पाण्यात टाका आणि फटी ओल्या फडक्याने पुसा. मांजराची गोधडी, पायपुसणी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक पाण्यात धुवा. फवारणी करायचीच तर त्यात पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखं, अळ्यांची वाढ रोखणारं द्रव्य आहे का ते विचारा. फवारणीनंतर दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतील. त्या कोशातून निघालेल्या आहेत, औषध फुकट गेलं असं नाही. फोनवर भांडण होतं ते नेमकं याच काळात.

ढेकणाची गोष्ट साधी आणि चिवट. त्याला जनावर लागत नाही. तो बॅगेतून, रेल्वेतून, होस्टेलच्या गादीतून, जुन्या बाजारातल्या पलंगातून येतो. पिल्लं आई-बापांसारखीच रक्त पितात आणि पलंगाच्या आसपासच लपतात. उपाशी तो महिनोन्‌महिने काढू शकतो, म्हणून खोली बंद ठेवून जात नाही. नेहमीच्या फवाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी तो दाद देत नाही. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. पन्नास अंशांपुढे तापमान नीट पोहोचलं की अंड्यांसकट मरतो. म्हणून आजी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची ते अगदी बरोबर होतं. नुसती गादी उन्हात टाकणं पुरत नाही; वरची बाजू तापते आणि हे महाशय खालच्या सावलीत सरकतात. पलंग भिंतीपासून सुटा करा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, सांधे वाफेने भाजून काढा, कपडे कडक पाण्यात. फवारणी झालीच तर दहा-पंधरा दिवसांनी दुसरी हवी, कारण अंडी उरलेली असतात.

धान्याच्या कोठारात वापरायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवणारे अजूनही आहेत. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत माणसं दगावतात. अशा बातम्या अधूनमधून येतातच. ती वस्तू घरात आणायचीच नाही.

रोगांच्या बाबतीत पारडं एकतर्फी आहे. ढेकूण रोग पसरवत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्याचा त्रास म्हणजे खाज आणि जागरण. पिसूचा इतिहास गंभीर आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, आणि तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. ती उंदराची पिसू वेगळी. मांजराच्या पिसूमुळे एवढं घाबरायचं कारण नाही, तिच्यातून येतात ते मुख्यतः पट्टकृमी, म्हणजे आतड्यातले चपटे जंत, तेही पिसू गिळली गेली तर. पण घरात जनावर नसताना पिसवा झाल्या आणि सोबत उंदीर मरून पडलेले दिसले, तर उंदरांना हात न लावता महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य कर्मचाऱ्याला कळवा.

काम संपलं हे कसं कळायचं? ढेकणांसाठी धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर दीड-दोन महिने एकही नवा डाग पडता कामा नये. पिसवांसाठी मोज्यांची फेरी दर आठवड्याला मारा; फणी आणि मोजे लागोपाठ चार आठवडे स्वच्छ राहिले की व्हॅक्यूम एक दिवसाआड केला तरी चालेल, जनावराचं औषध मात्र चालूच ठेवा.