पंखा फिरतो, पडदा काळाच

सगळे भाग बसवले, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले. मॉनिटर मात्र काळाच. स्वतः जुळवलेला संगणक पहिल्यांदा सुरू करताना हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मग हाताला येईल तो भाग काढून पुन्हा बसवायचा सपाटा सुरू होतो. पण आतलं काम ठरलेल्या क्रमाने चालतं, त्यामुळे गाडी कुठे अडली हे आधी पाहिलेलं बरं.

संगणक बंद असतानाही, मागचं स्विच चालू असेल तर, पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह पुरवत असतो. समोरचं बटण फक्त दोन पिना क्षणभर जोडतं. त्यावर मदरबोर्ड पॉवर सप्लायला जागं करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर झाले की पॉवर सप्लाय ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. एटीएक्स या पॉवर सप्लाय-मदरबोर्डच्या मानकानुसार यात साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद जातात. तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच, म्हणजे काम सुरू न करता, अडकवून ठेवलेला असतो. बटण दाबून काहीच होत नसेल, तर आधी मागचं स्विच पाहावं, मग बटणाची वायर. तिच्या पिना इतक्या बारीक असतात की ती शेजारच्या पिनांवर सहज बसते. वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा.

पंखे फिरले म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. त्यांना १२ व्होल्ट मिळाले की पुरे. प्रोसेसरची वीज वेगळ्या, बहुधा आठ पिनांच्या जोडणीतून येते. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि राहून जाते, भल्याभल्यांची.

खरी गंमत रॅमची आहे. सुरुवातीला रॅम वापरायोग्यच नसते. अनेक इंटेल प्रोसेसरांवर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम, तेवढ्यापुरती प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान कॅशे मेमरी वापरून काम भागवतो. दरम्यान प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक रेषेवरचे संकेत नेमके कधी वाचायचे, याची जुळणी करून पाहिली जाते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या वेगात ही जुळणी फार काटेकोर लागते, म्हणून पहिल्या वेळी त्यात काही मिनिटंही जातात. तेवढा वेळ पडदा काळा राहतो, कधी संगणक आपला आपण पुन्हा सुरूही होतो. लोक नेमके इथेच घाबरून वीज तोडतात आणि जुळणी पहिल्यापासून सुरू होते! दहा मिनिटं थांबूनही काही दिसलं नाही, तर एकच रॅम पट्टी ठेवावी. ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवतात, तरी पुस्तिका पाहावी. आणि पट्टी ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबावी.

बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होणं) अशी नावं असलेले चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे तपासणी थांबली आहे. व्हीजीएचा राहिला तर ग्राफिक्स कार्ड खाचेत नीट बसलं आहे का आणि त्याची वेगळी वीज जोडली आहे का, ते पाहावं. सगळे दिवे विझूनही पडदा काळा असेल, तर केबल मदरबोर्डला न लावता कार्डला लावली आहे ना? प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नवा असेल, तर जुना बायोस त्याला ओळखत नाही आणि अद्ययावत करावा लागतो. बूटचा दिवा मात्र नव्या संगणकात अपेक्षितच. डिस्कवर अजून ऑपरेटिंग सिस्टीम नाही, इतकंच.

एवढं करूनही जमलं नाही, तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढावा. तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि वीज एवढंच जोडावं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. तिथे तो सुरू झाला, तर कॅबिनेटमध्ये चुकीच्या जागी लावलेला एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट, बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होता का, ते पाहावं.