योगशालेतील सेवा

योगशालेतील सेवा : योगवर्ग भरतो त्या जागेची झाडलोट, मांडामांड व देखरेख ठरलेल्या वेळी, विनामोबदला करणे आणि ते काम आपल्या साधनेचाच भाग मानणे. गोव्यात देवळातली सेवा घरोघरी परिचित असल्याने ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तिचा आधार म्हणून गीतेतला कर्मयोग सांगतात, तो योग्यच आहे, पण पतंजलींच्या योगसूत्रांतले एक सूत्र (1.14) इथे अधिक नेमके लागू पडते. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने 'आसेवित' (म्हणजे मनापासून सेवा करावी तसा जोपासलेला) झालेला अभ्यासच दृढ होतो, असे ते सांगते. घरी खंड पडतो. सकाळी दार उघडायची जबाबदारी आपल्यावर असली की सहसा पडत नाही.

हरमल, मांद्रे, आगोंद, पाटणे या किनाऱ्यांवरच्या बहुतेक शाला पावसाळा सरल्यापासून एप्रिलपर्यंत चालतात. बांबू-झावळ्यांचे मांडव पावसाआधी उतरवतात. वर्षभर सेवा करायची तर पणजी, म्हापसा, मडगावचे वर्ग सोयीचे.

सेवकाने वर्गाच्या 40 मिनिटे आधी यावे. चिऱ्यांची तांबडी धूळ फार बारीक असते. तिच्यावर थेट ओले फडके फिरवले तर चिखलाचा थर पसरतो आणि पाय घसरतो. म्हणून आधी कोरडा केर काढावा, मग घट्ट पिळलेले फडके. मॅट साधारण 183 × 61 सेंमी. असते. दोन मॅटींत किमान वीतभर जागा सोडून ओळी एकआड एक (मागची मॅट पुढच्या दोन मॅटींच्या मधोमध येईल अशा) मांडल्या की हात पसरताना शेजाऱ्याला लागत नाहीत.

खरे शिक्षण ब्लँकेटच्या घडीत आहे. सालंब सर्वांगासनासाठी (आधार घेऊन खांद्यांवर शरीर उभे धरण्याच्या आसनासाठी) तीन-चार घड्या एकावर एक रचतात. दुमडीची गुळगुळीत कड मानेकडे, झालर उलट बाजूला. खांदे घडीवर, डोके जमिनीवर. कडा एका रेषेत नसतील तर एक खांदा खचतो आणि भार मानेवर येतो. दहाजणांसाठी ही मांडणी रोज करणाऱ्याला स्वतःच्या आसनातली चूक लवकर कळते. मात्र दुसऱ्याचे शरीर हात लावून सुधारणे हे शिक्षकाचे काम. सेवकाने ते करू नये, कितीही मोह झाला तरी.

दमट हवेत घाम लागलेली मॅट गुंडाळून ठेवली की बुरशी धरते. पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पुसावी आणि सावलीत वाळवावी. कडक उन्हात रबर तडकते. कापसाचे बोल्स्टर (आसनात आधाराला घ्यायचे लोड) जमिनीपासून वर, फळीवर ठेवावेत आणि पावसाने उघडीप दिली की बाहेर काढावेत.

सेवा बिघडते ती बहुधा एकाच कारणाने : काम वाढत जाते आणि ध्यानाला बसणे सुटते. आठवड्याला चार-पाच तास पुरेत. नोंदवही, फोन, पैशांचा हिशेब हळूहळू सेवकाकडे येऊ लागला, तर ती बिनपगारी नोकरी झाली. तसे स्पष्ट बोलून वेळ ठरवून घ्यावी. कामात मौन पाळावे, कानात गाणी नसावीत, लक्ष हाताच्या हालचालीवर असावे. काम संपताच, फोन हाती घेण्याआधी, वीस मिनिटे ध्यानाला बसावे. विपश्यना शिबिरांत सेवकांनाही दिवसातून तीनदा तासभर सामूहिक साधनेला बसावे लागते. योगशालेतही असे बसणे सेवेच्या वेळेतच धरावे, उरलेल्या वेळेवर सोडू नये.