पेनड्राइव्ह चाचणीत नापास का होतो? थोडी पार्श्वभूमी

पेनड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून पाहायचं, एवढीच ही चाचणी. त्यात हजारो सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) चुकीचे निघाले की पहिला संशय मेमरीच्या चिपवर जातो. बरेचदा तो खराही असतो. पण गफलत कंट्रोलरमध्ये (मेमरी आणि संगणक यांच्यामधला कारभार पाहणाऱ्या चिपमध्ये), फाइल सिस्टिममध्ये (फाइली ड्राइव्हवर मांडायच्या व्यवस्थेत) किंवा चक्क संगणकाच्या रॅममध्येही असू शकते.

तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. आज पेनड्राइव्हमध्ये असते ती नँड जातीची मेमरी १९८७ मध्ये आली. ती स्वस्त होती, थोड्या जागेत पुष्कळ साठवणारी होती, पण वापरायला अडचणीची. लिहायचं पानापानाने आणि पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, म्हणजे पुष्कळ पानांचा गठ्ठा, एकदम. शिवाय दर पुसण्याला पेशी, म्हणजे बिट साठवायचा चिमुकला कप्पा, थोडी झिजते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा सुमारे लाखभर वेळा पुसणं सोसायच्या. एका पेशीत तीन-चार बिट कोंबायला लागल्यापासून हा आकडा फार तर काही हजारांवर आला. नव्याकोऱ्या चिपमध्येही काही ब्लॉक कारखान्यातूनच बाद असतात, आणि उत्पादक ते डेटाशीटमध्ये उघड सांगतात.

संगणकाला मात्र हार्डडिस्कची सवय: ओळीने लावलेले सेक्टर, हवा तो हवा तेव्हा बदलता येणारा. इस्रायलच्या एम-सिस्टिम्समधल्या अमीर बान यांनी १९९३ च्या सुमारास यावर तोड काढली. संगणक मागतो तो पत्ता आणि चिपमधली खरी जागा यांच्यामध्ये त्यांनी एक थर घातला. बाद ब्लॉक लपवणं, झीज सगळीकडे सारखी वाटणं ही कामं हा थर गुपचूप करतो; पेनड्राइव्हमध्ये तो कंट्रोलर सांभाळतो. याच कंपनीने १९९९ मध्ये यूएसबीवरच्या फ्लॅश ड्राइव्हच्या पेटंटसाठी अर्ज केला. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आला आणि आयबीएमने ८ एमबीचा डिस्कऑनकी विकायला काढला. पहिला कोण, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या; त्यात शिरायचं आपल्याला कारण नाही.

महत्त्वाचं हे की, आत किती जागा आहे हे संगणक कंट्रोलरलाच विचारतो आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. लबाडांना एवढं पुरे. आत ८ जीबी, सांगायचे ६४. पहिले ८ जीबी नीट लिहिले जातात; पुढचं लिखाण एकतर हवेत जातं, नाहीतर वळून पहिल्याच जागेवर बसतं. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते, त्यामुळे नावं आणि आकार कित्येकदा शाबूत दिसतात आणि फाइल उघडल्यावर कचरा निघतो.

ही चोरी पकडायला जर्मनीतल्या सी-टी मासिकाच्या हाराल्ड बोगेहोल्ट्स यांनी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे चाचणीचं सॉफ्टवेअर लिहिलं. लिनक्सवर नंतर तशाच कामाचं एफथ्री (F3) आलं. दोन्ही १ जीबीच्या फाइली लिहितात, आणि कुठल्या सेक्टरमध्ये काय भरायचं हे त्याच्या स्थानावरून ठरतं. अहवाल वाचायची खुबी इथेच आहे. एका सेक्टरमध्ये दुसऱ्याचाच मजकूर सापडला तर तो ‘ओव्हरराइटन’ म्हणून मोजला जातो. ठरावीक जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे हे आकडे वाढले, तर क्षमता खोटी आहे असं खुशाल समजावं. थोडेच बिट बदललेले सेक्टर वेगळे मोजले जातात. ते इकडेतिकडे विखुरलेले असतील तर पेशी झिजलेल्या असतील, पण संगणकाची रॅम किंवा यूएसबी हबही (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) तितकाच संशयित. दुसऱ्या संगणकावर तीच चाचणी केल्याशिवाय ड्राइव्हला दोष देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुकांत ड्राइव्हचा दोष नसतोही. फॅट३२ ही १९९६ ची फाइल सिस्टिम. तिच्यात एक फाइल ४ जीबीपर्यंत जात नाही, एक बाइट कमीच पडतो. म्हणून एकच मोठी फाइल लिहायला घेतली तर जागा असूनही काम अडतं. उलट फाइल लहान असेल तर संगणक ती रॅममधल्या प्रतीवरूनच ‘वाचतो’ आणि खराब ड्राइव्हही पास होतो. लिहून झाल्यावर ड्राइव्ह रीतसर काढून पुन्हा लावावा आणि मग ताडून पाहावं. लिहिता लिहिता ड्राइव्ह गायब होऊन पुढच्या सगळ्याच फाइली नापास झाल्या, तर आधी पोर्ट बदलावा आणि हब काढून टाकावा. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतो, आणि तेवढेच स्वतःची वेगळी वीज नसलेल्या हबवरच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचे असतात. लिनक्सवर डीमेसेजमध्ये (dmesg, यंत्रणेच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) त्याच वेळेला ‘रिसेट’ची ओळ दिसते.

बाद ब्लॉकांच्या बदली ठेवलेले राखीव ब्लॉक संपले की कित्येक कंट्रोलर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता ठेवतात. मग ‘राइट प्रोटेक्टेड’ हा संदेश फॉरमॅट करूनही जात नाही. अशा वेळी दुरुस्तीची सॉफ्टवेअरं शोधत बसू नये, वाचतंय तोवर आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं.