अँजिओप्लास्टी आणि टावी: वाट एकच, दुखणं वेगळं

आमच्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, हृदयातली झडप बदलली त्याला आता वर्ष होत आलं. वय ७६, सातारा जिल्ह्यातलं गाव, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "सुभेदारसाहेब, किती स्टेंट टाकल्या?" तात्या दर वेळी सांगतात, "स्टेंट नाही, झडप." समोरचा मान डोलावतो आणि निघताना घरच्यांना म्हणतो, "स्टेंट टाकली ते बरं झालं, बायपास टळली."

यात त्यांची काही चूक नाही. स्टेंट टाकायची ती अँजिओप्लास्टी आणि नळीवाटे नवी झडप बसवायची ती टावी, या दोन्ही उपचारांत छाती उघडत नाहीत. दोन्ही कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयाचे उपचार करतात त्या खोलीत, पडद्यावर एक्स-रेचं चित्र बघत होतात. दोन्हीत तार, नळी आणि फुगा लागतो, आणि दोन्हींत शेवटी धातूची जाळी आत राहते. माणूस काही दिवसांत घरी चालत येतो. पण दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. हे वेळेवर कळलं नाही म्हणून आमच्या घरात सहा महिने वाया गेले. माजी सैनिकांच्या घरांत हा गोंधळ मी इतक्यांदा ऐकला आहे की नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. पाणी शेतात पोचेना, तर आपण दोन गोष्टी तपासतो. एक, मोटारीला वीज नीट मिळते का, केबल कुठे जळली आहे का. दुसरी, डिलिव्हरीच्या पाइपावरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, जाम झाला आहे का. केबल ठणठणीत असली तरी एनआरव्ही उघडला नाही तर पाणी येणार नाही, आणि मोटार घरघरत तापत राहील.

हृदयाची केबल म्हणजे कोरोनरी धमन्या. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या या नळ्या. मुख्य नळ्यांची रुंदी साधारण अडीच ते चार मिलिमीटर. त्यांत चरबीचा थर साचला की ब्लॉकेज. ते फुग्याने दाबून जागा मोकळी करायची आणि ती पुन्हा आकसू नये म्हणून जाळीची स्टेंट बसवायची, ही अँजिओप्लास्टी. गावाकडे हिलाच "स्प्रिंग टाकली" म्हणतात.

एनआरव्ही म्हणजे महाधमनीची झडप. हृदयातून सगळ्या शरीराकडे जाणारं रक्त हिच्यातून बाहेर पडतं. निरोगी माणसात ती उघडते तेव्हा वाट ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची असते, जवळपास पाच रुपयांच्या पितळी नाण्याएवढी. उतारवयात तिच्या पाकळ्यांवर कॅल्शियम बसतं, नळाच्या तोटीवर क्षार बसतात तसं. पाकळ्या ताठ होतात. वाट १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाली, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी उरली, की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. मग आहे ती झडप तशीच ठेवून, तिच्या आत नवी झडप नळीवाटे बसवायची, याचं नाव टावी. अमेरिकेत तिलाच टावर म्हणतात, म्हणून परदेशातल्या मुलाने फोनवर वेगळं नाव सांगितलं तर घाबरू नका.

आता अडचण अशी की दोन्ही दुखण्यांची लक्षणं सख्ख्या भावांसारखी. चढावर छातीत दडपण येतं, दम लागतो. अरुंद झडपेतून रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड होतो, त्याची रक्ताची भूक वाढते, आणि नळ्यांमध्ये एकही ब्लॉकेज नसताना छाती भरून येते. एक खूण मात्र झडपेकडे जास्त बोट दाखवते. चालताना किंवा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, प्रसंगी चक्कर येऊन पडणं. श्रम करताना शरीराला जास्त रक्त हवं असतं आणि बटणाएवढ्या वाटेतून ते जात नाही.

तात्यांना दडपण आलं तेव्हा आम्ही सगळे एकाच दिशेने धावलो. शहरात नेलं, अँजिओग्राफी झाली. एका नळीत किरकोळ ब्लॉकेज, स्टेंटची गरज नाही. घरी पेढे वाटले! कागदावर डॉक्टरांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लिहिलं होतं. ती आम्ही केली नाही. मोठी तपासणी झाली, आता ही छोटी कशाला, असं आम्हीच ठरवलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ही समजूत घरोघरी आहे. अँजिओग्राफी ही नळ्यांची तपासणी आहे. झडप किती उघडते, तिच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक किती, हे इकोवर दिसतं. तिथे छोटी-मोठी असा हिशोबच नाही. नळ्या साफ आहेत याचा अर्थ फक्त नळ्या साफ आहेत.

सहा महिन्यांनी तात्या शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा इको झाली. वाट ०.७ चौरस सेंटिमीटर. दाबाचा सरासरी फरक ५२ (रक्तदाब मोजतात त्याच मापात). ४० च्या वर गेला की तीव्र धरतात.

फौजी माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तो तक्रार सांगत नाही, तो आपलं चालणं कमी करतो. तात्या पहाटे पाच किलोमीटर चालायचे. ते तीन झाले, मग मारुतीच्या देवळापर्यंत, मग अंगणात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "दम बिम काही नाही, वय झालं." सैन्यात वर्षानुवर्षं पीटीला मागे न राहण्याची सवय आणि मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा सरकारी दर्जा, खाली जाण्याची धास्ती, ती पेन्शनीतही अंगातून जात नाही. म्हणून अशा माणसाला "दम लागतो का" हे विचारून उपयोग नाही. गेल्या वर्षी कुठपर्यंत चालत होता आणि आज कुठपर्यंत चालता, हे विचारा. माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये (सरकारी दवाखान्यात) महिन्याची औषधं घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना स्टेथोस्कोप छातीला लावायला सांगा. अरुंद झडपेतून जोराने जाणाऱ्या रक्ताचा आवाज बहुतेक वेळा ऐकू येतो, आणि तिथूनच इकोची चिठ्ठी मिळू शकते.

इथे एक धोक्याची सूचना. छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट, ही सवय आपल्याकडे पक्की आहे. शेजाऱ्याची गोळीही चालते असं लोक मानतात. झडप तीव्र अरुंद असेल तर या गोळीने रक्तदाब एकदम उतरून माणूस पडू शकतो. तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका.

उपचारांच्या इतिहासातही दोघांमध्ये पाव शतकाचं अंतर आहे. पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला केली. पहिली टावी फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलां क्रिबिए यांनी एप्रिल २००२ मध्ये केली, शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा ५७ वर्षांच्या रुग्णावर. आधी हीच परिस्थिती होती. ज्यांची छाती उघडणं शक्य नाही, त्यांच्यासाठीच टावी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर चाचणीत असेच रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात शंभरातले सुमारे ५१ दगावले, टावी केलेल्यांतले सुमारे ३१. शस्त्रक्रियेची जोखीम कमी असलेल्या रुग्णांवरच्या चाचण्या २०१९ मध्ये आल्या आणि मग टावीचं दार बरंच उघडलं.

या आकड्यांत एक फरक दडलेला आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हार्ट ॲटॅक आलेला असेल तर अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे मिनिटं मोजतात. पण अधूनमधून श्रमाने दुखणाऱ्या, स्थिर असलेल्या ब्लॉकेजमध्ये गोळ्यांवरही अनेकांचं चांगलं निभावतं. स्टेंटने दुखणं कमी होतं, आयुष्य वाढतंच असं नाही. झडपेचं उलट आहे. टावीला मध्यरात्री धावपळ बहुधा लागत नाही, ती तारीख ठरवून करतात. पण अरुंद झडप उघडणारी गोळी अजून निघालेली नाही. लक्षणं सुरू झाल्यावर झडप न बदलता राहिलेल्यांचं आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षांत मोजावं लागतं, हे १९६८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. "आधी गोळ्या घेऊन बघू" हे वाक्य ब्लॉकेजच्या माणसाला कदाचित लागू पडेल. झडपेच्या माणसाने ते उसनं घेऊ नये.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं? अँजिओप्लास्टी आज बहुतेक ठिकाणी मनगटातून होते, दोनेक मिलिमीटरच्या नळीने. टावीची नळी जाड, पाच-सहा मिलिमीटरची, म्हणून ती जांघेतल्या धमनीतून जाते. त्यासाठी आधी सीटी स्कॅन करून झडपेचं माप आणि पायाच्या धमन्यांची वाट तपासतात. चपलेचं माप घ्यावं तसं हे माप अचूक लागतं, कारण टाके घालायचे नसतात. नवी झडप नुसत्या दाबाने बसते. गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून तिच्या पाकळ्या बनवतात आणि त्या धातूच्या जाळीत शिवलेल्या असतात. ही जाळी पाहूनच लोक तिला मोठी स्टेंट समजतात. कुणाला प्राण्याच्या ऊतीबद्दल मनात अडचण असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, ते विचारण्यात काही गैर नाही. झडप फुग्याने बसवताना तो जागचा हलू नये म्हणून हृदय काही सेकंद मिनिटाला १८० ते २०० च्या वेगाने धडधडवतात. जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबली जाते. पुष्कळदा पूर्ण भूल लागत नाही. तात्यांना डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं.

धोके दोन्हीत आहेत, पण टावीचे वेगळे: पक्षाघात, जांघेत रक्तस्राव, झडपेच्या कडेने गळती. झडपेच्या अगदी खालून हृदयाची विजेची वाहिनी जाते, ती दाबली गेली तर पेसमेकर बसवावा लागतो. दहातल्या एखाद्यावर ही वेळ येते. सही करण्याआधी हे घरातल्या सगळ्यांनी ऐकावं.

आणि छाती उघडून झडप बदलणं काही बाद झालेलं नाही. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ च्या आतल्यांसाठी शस्त्रक्रिया, ८० च्या पुढच्यांसाठी टावी आणि मधल्यांसाठी दोन्हींचा विचार करून निर्णय, अशी ढोबळ रेघ आहे. प्राण्याच्या ऊतीची झडप दहा-पंधरा वर्षांत झिजू शकते, म्हणून पंचेचाळिशीत पेन्शनीत आलेल्या हवालदाराचं आणि तात्यांचं उत्तर एक असणार नाही. निर्णय कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी मिळून द्यावा, असा आग्रह धरा.

पैशांचाही घोळ होतो. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेली स्टेंट २९,६०० रुपयांवर आली. तोच आकडा डोक्यात ठेवून लोक झडपेचा खर्च ऐकतात आणि लुबाडणूक समजतात. टावीचा खर्च लाखांत असतो, एकटी झडपच लाखांची. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण तिथेही दोन वाटा आहेत. हार्ट ॲटॅकसारखी तातडी असेल तर रेफरलसाठी थांबायचं नाही. जवळच्या रुग्णालयात जायचं आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. टावीसारखा ठरवून करायचा महाग उपचार मात्र पॉलिक्लिनिकच्या रेफरलने आणि आधी मंजुरी घेऊनच करावा. इको, सीटी, अँजिओग्राफीचे अहवाल आणि डॉक्टरांचं लेखी कारण एकाच फाइलमध्ये ठेवा. आमच्या फाइलमधून इकोचा एक कागद गहाळ झाला आणि पंधरा दिवस गेले. लष्कराचं स्वतःचं हृदयरोग केंद्र पुण्यात आहे, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस, ज्याला जुने फौजी अजून सीटीसी म्हणतात. तिथे पाठवता येईल का, हेही पॉलिक्लिनिकमध्ये विचारून ठेवा.

घरी आल्यावरही दोन्ही वाटा वेगळ्याच राहतात. स्टेंटवाल्याला बहुधा सहा ते बारा महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घ्याव्या लागतात, आणि त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते. टावीनंतर बहुतेकांना एकच पुरते. म्हणून शेजारच्या स्टेंटवाल्याची चिठ्ठी बघून आपल्या गोळ्या वाढवू किंवा कमी करू नयेत. टावीवाल्याला ठरलेल्या वेळी इको करत राहावी लागते.

आणि दात. नव्या झडपेवर रक्तातले जंतू बसले तर जीवघेणा संसर्ग होतो, म्हणून दात काढताना किंवा हिरड्यांवर उपचार करताना आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो. नुसती स्टेंट असलेल्याला त्यासाठी तो लागत नाही. गेल्या महिन्यात तात्यांची दाढ दुखली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, स्टेंट वगैरे आहे का?" तात्यांनी शर्टाच्या खिशातून झडपेचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं, आधी गोळी लिहून दिली आणि दाढ दुसऱ्या दिवशी काढली.