ओन डॅमेज की थर्ड पार्टी? लीजच्या गाडीला मागून कोणी ठोकलं तर

हिंजवडी फेज वनच्या सिग्नलला उभा होतो, सिग्नल लाल, पाय ब्रेकवर, आणि मागून भाजीचा टेम्पो येऊन धाडकन बसला. डिकी आत, बंपर एका बाजूने लोंबतोय, टेललाइटच्या लाल काचा रस्त्यावर. टेम्पोवाला उतरला आणि पहिलं वाक्य काय, तर "साहेब, इन्शुरन्स असंल की तुमचा, मग कशाला टेन्शन घेता." माझं डोकंच फिरलं, म्हटलं चूक तुझी आणि इन्शुरन्स माझा का वापरायचा? पण ऑफिसात पोचल्यावर तिथेही दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे थर्ड पार्टी टाक, त्याच्या कंपनीकडून वसूल कर, तुझा एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, वाचेल. दुसरी म्हणे ओडीमध्ये करून मोकळा हो. आणि गाडी तर माझी नाहीच, ऑफिसच्या लीजची आहे, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा तुमच्या गाडीच्या पॉलिसीवरचा क्लेम. चूक कोणाची यावर तो अडत नाही, गाडी चेपली, पॉलिसी चालू आहे, लायसन बरोबर आहे, सर्व्हेअर येऊन फोटो काढतो आणि काम सुरू होतं. थर्ड पार्टी क्लेम म्हणजे टेम्पोच्या पॉलिसीवरचा क्लेम, तिथे थर्ड पार्टी तुम्ही. लोक नेमके इथेच गंडतात, "माझी थर्ड पार्टी आहे ना" म्हणतात, अरे ती तू दुसऱ्याला ठोकलंस तर त्याच्यासाठी आहे, तुझ्या गाडीला त्यातून एक रुपया मिळत नाही.

कागदावर टेम्पोच्या पॉलिसीतून घेणं न्यायाचं वाटतं. पण त्याच्या कंपनीला फोन केला आणि त्यांनी गॅरेजचं बिल भरलं असं आपल्याकडे होत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, पोलिसांचा कागद लागतो, टेम्पोवाल्याची चूक सिद्ध करावी लागते, वकील, तारखा. आणि त्याच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी रकमेची मर्यादाही असते, खासगी गाड्यांच्या पॉलिसीत ती साधारण ७.५ लाख. डेंटिंग-पेंटिंगच्या चाळीस-पन्नास हजारांसाठी हे करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. नुसतं गाडीचं नुकसान असेल तर टेम्पोवाल्याचा सल्ला बरोबर होता, हे मान्य करताना जीवावर येतं पण आहे तसं आहे.

आता एनसीबी. क्लेम न घेता वर्षं गेली की ओडी प्रीमियमवर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट वाढत जाते, आणि एक ओडी क्लेम घेतला की पुढच्या रिन्युअलला शून्य (एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल तर गोष्ट वेगळी). चूक तुमची नव्हती तरी शून्य. स्वतःच्या गाडीला हा हिशोब करायलाच हवा, बिल सात हजार आणि सूट नऊ हजारांची असेल तर गप खिशातून भरा. पण लीजमध्ये आधी पॉलिसी काढून इन्शुअर्ड म्हणून नाव कोणाचं आहे ते बघा. एनसीबी गाडीला नाही, पॉलिसीधारकाला मिळतो. माझ्या पॉलिसीत लीज कंपनीचं नाव होतं, प्रीमियम भाड्यातच धरलेला, म्हणजे ज्या एनसीबीसाठी ऑफिसात एवढी चर्चा झाली तो माझा नव्हताच!

मला भरायला लागली ती कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. ती कोणी भरायची हे अॅग्रीमेंटमध्ये असतं, आमच्यात चालवणाऱ्यावर ढकललेली आहे. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) आहे का तेही बघा, कारण नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, आणि हल्लीच्या गाड्यांची मागची बाजू म्हणजे निम्मी प्लास्टिकच, २०,००० चा बंपर असेल तर १०,००० तुमचे.

आणि एक, चौकात तोडपाणी करायचं नाही. टेम्पोवाला पाच हजार काढून देत होता, मोह झाला होता खरं सांगायचं तर. पण गाडी दुसऱ्याची, पैसे मी घेणार, शिवाय क्लेम दिल्यावर ते पैसे चूक करणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क इन्शुरन्स कंपनीकडे जातो, तो मी परस्पर मिटवून टाकला तर उद्या माझाच क्लेम अडू शकतो. ओळखीच्या गॅरेजात स्वस्तात करून घेणंही नको, लीज संपताना गाडी तपासून घेतात आणि रंगाची शेड जराशी वेगळी दिसली तरी तुमच्या नावावर बिल.

थर्ड पार्टीची खरी गरज दोन वेळा पडते. एक, गाडी टोटल लॉस झाली तर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती दुरुस्त करत नाहीत, आयडीव्ही देऊन मोकळे होतात, आणि तो चेक लीज कंपनीकडे जातो. लीज कंपनीचा हिशोब मात्र आयडीव्हीचा नसतो, उरलेली भाडी अधिक शेवटची ठरलेली किंमत असा असतो. समजा आयडीव्ही ८ लाख आणि त्यांचं येणं ९.५ लाख, तर मधले दीड लाख तुम्ही किंवा तुमचं ऑफिस, ते पण सिग्नलला शांत उभं राहिल्याबद्दल. रिटर्न टू इनव्हॉइस (टोटल लॉसला आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर ही खाच बरीचशी भरते, नसेल तर ओडीत न मिळालेली तेवढीच रक्कम टेम्पोच्या पॉलिसीवर मागायची, एकच नुकसान दोन्हीकडून वसूल होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालकाच्या व्याख्येत लीजच्या गाडीसाठी कराराने ताबा असलेला माणूस धरलाय, पण कॉर्पोरेट लीजमध्ये करार बहुतेक ऑफिस आणि लीज कंपनीत असतो, आपण नुसते चालवणारे, म्हणून अर्जाआधी दोघांकडून लेखी घ्या.

दुसरी वेळ म्हणजे तुम्हाला लागलं तर. ते ओडीत येतच नाही, तिथे लीज कंपनीचाही संबंध नाही, हा दावा फक्त तुमचा, आणि दुखापतीला त्या ७.५ लाखांची मर्यादा लागू नाही. जिथे अपघात झाला किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. फक्त १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय.

मी त्या दिवशी चौकीत नोंद करून ठेवली होती, टेम्पोचा नंबर, आरसी, ड्रायव्हरचं लायसन, पॉलिसीचा फोटो, सगळं मोबाइलमध्ये आहे. गाडी अकरा दिवसांनी आली, एकदम नवी दिसते. मान मात्र उजवीकडे वळवली की अजून कळ येते, सहा महिने व्हायला सात आठवडे उरलेत, फोटो डिलीट केलेले नाहीत.